पांढऱ्या लांडग्यांचे डॉक्टर

‘‘आधी त्याले पाहू द्या. मंग आपण पाहू.’’

हे वाक्य ज्यांचे, त्यांच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिले नाही आणि बोललोही नाही. घरात विषय निघाला की मी चहाचे बघायला उठायचो. बायकोला वाटायचे, मला तो माणूस आवडत नसावा. मी तिला तसे वाटू दिले. ते सोपे होते.

मागल्या हिवाळ्यात पुण्यात आम्हा जुन्या बहारीनकरांचे एक जेवण झाले. सगळे आता सत्तरीच्या पुढचे. गुडघे, साखर, अमेरिकेतली नातवंडे. जेवणानंतर एकाने माईक घेतला. हा गृहस्थ तिकडे बँकेत होता आणि तेव्हाही असाच माईक घ्यायचा. म्हणाला, ‘‘रिफ्यातला तो लांडगेवाला डॉक्टर आठवतो का? बाटली रिचवून झोपला आणि अरबाबाचे पांढरे लांडगे उकडून मेले! बॉइल्ड लांडगे!’’ हॉल हसला. माझ्या हातात गुलाबजामाची वाटी होती. मीही हसलो. सवयीने.

त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही. माईकवाल्याचा, हसणाऱ्यांचा आणि त्यांच्यात सामील झालेल्या माझ्या तोंडाचा. म्हणून हे लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणी त्या काळी आखातात नोकरी केली असेल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पाहून हसलाही असाल.

सौदीला जाणारा पूल अजून व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. मी रेफ्रिजरेशनचा इंजिनियर, ठाण्याचा. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या कंपनीत होतो. त्याला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. त्याची मासळीची शीतगृहे मी सांभाळायचो, आणि घरचे एसीही. रिफा नावाच्या गावाबाहेर त्याची खजुरीची वाडी होती. तिथे त्याने हौसेने जनावरे ठेवली होती. हरणे, ससाणे, दोन शहामृग. एका वर्षी तो युरोपात गेला, तिथल्या कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात त्याने बर्फाळ उत्तरेकडच्या पांढऱ्या लांडग्यांचे पिंजऱ्यात जन्मलेले एक जोडपे पाहिले आणि त्याला ते हवेसे वाटले. हवेसे वाटले की आणायचे, अशी ती माणसे आणि असा तो काळ. मला हुकूम झाला, लांडग्यांसाठी थंड खोली बांध. आणि लांडग्यांसाठी डॉक्टर आणला गेला तो थेट अमरावतीकडचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते माझ्या अर्धवट बांधलेल्या खोलीच्या दारात. सरळ आत येईनात. खांदा पुढे करून तिरके उभे राहिले, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत. बुटका, जाड मानेचा माणूस. कानांवर केस. मला वाटले, लाजतोय. मी म्हणालो, ‘‘या ना, आत या.’’

‘‘येतो. घाई कायची? आधी तुमाले पाहू द्या.’’

‘‘मला?’’

‘‘मंग? तुम्ही मले पाह्यलं नाही अजून. मी धाडकन आत आलो तर तुमाले आवडंन?’’

ही त्यांची रीत लांडग्यांकडून आलेली की आधीपासूनची, मला कधी कळले नाही. पण ते माणसांच्या घरातही असेच शिरत. ईसा टाउनला आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि पाहुण्यांना बघून पलंगाखाली जायची. डॉक्टर कुणाशी काही न बोलता दाराजवळ फरशीवर बसले आणि पेपर वाचू लागले. पलंगाखालून आवाज आला, ‘‘पप्पा, व्हाय इज अंकल सिटिंग देअर?’’ मी उत्तर देणार तर त्यांनी हाताने गप्प केले. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, त्यांच्या खिशातल्या शेंगदाण्यांचा वास घेतला आणि मांडीवर बसली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘पाह्यलं? तुमी बोलले असते तर दिवाळीपावतर निघाली नसती.’’

ते साधुसंत होते असे कृपया समजू नका. रमीत बिनदिक्कत लबाडी करायचे आणि पकडले तर उलट आपल्यालाच झापायचे. आमच्या घरून लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन गेले ती शेवटपर्यंत परत दिली नाही. जेवायला आले की हातात काही आणायचे नाहीत. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून जेवण शुक्रवारी. पोळ्यांची चळत संपवून म्हणायचे, ‘‘वहिनी, आता मले रविवारपावतर भूक नाही. लांडग्याचं असंच असते. रानबैल पडला की पोट फाटेस्तोवर खाते, मंग चार-चार दिवस नुसतं चालते. रोज दोन वेळा जेवनं हे मानसाचं खूळ हाये.’’ बायको हसायची आणि आणखी वरण वाढायची.

लांडगे आले तेव्हा मी तिथेच होतो. मादी आधी उतरली. मी लांडगा म्हणजे आपल्याकडचा, करड्या अंगाचा, हाडे दिसणारा समजत होतो. ही पांढरी, रुंद पावलांची, आखूड कानांची. बोटांच्या मधेसुद्धा केस. ती पिंजऱ्यातून निघाली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. मी तीन हात मागे उडालो. डॉक्टर मोठ्याने हसले.

‘‘बर्फवाले, भिऊ नका. ते तुमाले भेत नाही, म्हणून आलं. त्याच्या मुलखात मानूसच नाही. भ्यायचं असते हे त्या वंशाले कोनी शिकवलंच नाही.’’ मग म्हणाले, ‘‘तेच वाईट हाये.’’

मला ते ‘बर्फवाले’ म्हणत. लांडग्यांना त्यांनी खरी नावे दिली नाहीत. नर तो ‘पाटील’ आणि मादी ती ‘पाटलीणबाई’. ‘‘आज पाटलीणबाईची मर्जी नाही, आज दार उघडू नका.’’ कळपात बाईचे चालते, असे ते सांगत. कळप म्हणजे टोळी नव्हे, कुटुंब. आई, बाप, यंदाची पोरे, गेल्या वर्षीची पोरे. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळतात, शिकारीहून येऊन पोटातले काढून भरवतात. जमीन गोठलेली असते, बीळ उकरता येत नाही, म्हणून खडकाच्या कपारीत वितात, आणि तीच कपार पिढ्यान्‌पिढ्या. हे सगळे सांगताना ते पिंजऱ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले असत, शेंगदाणे सोलत. मागून पाटलीणबाई येऊन जाळीतून त्यांच्या मानेचा वास घेई. ते वळत नसत.

फाटकावर मआमीर गावचा एक म्हातारा राखणदार होता. आम्ही त्याला हज्जी म्हणायचो. हज्जीने हे दृश्य पाहिले आणि डॉक्टरांना ‘धीब’ म्हणायला लागला. धीब म्हणजे लांडगा. मी डॉक्टरांची समजूत घालायला गेलो की म्हातारा आहे, मनावर घेऊ नका. हज्जीच माझ्यावर खेकसला. त्यांच्यात एखाद्याला लांडगा म्हणणे हा मान असतो, मर्दाला म्हणतात. आपल्याकडे हा शब्द कशासाठी वापरतात ते मी त्याला सांगितले नाही.

आपली मराठी मंडळी मात्र वेगळी. गणपतीत कार्यक्रमाला डॉक्टर आले की मागून कुणीतरी कोल्हेकुई करायचे. एका वर्षी त्याच माईकवाल्याने त्यांना व्यासपीठावर ओढले. ‘‘आता आपले डॉक्टर आपल्याला लांडग्याचा आवाज काढून दाखवतील!’’ टाळ्या. डॉक्टरांनी माईक हातात घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारले, ‘‘कोनता काढू? पोरगं हरवल्यावरचा, का सापडल्यावरचा?’’

लोक हसले. ते वाट बघत उभे राहिले. कुणीच काही सांगेना, तेव्हा माईक ठेवून खाली येऊन बसले आणि माझ्या कानात म्हणाले, ‘‘एकालेही फरक माहीत करून घ्यायचा नाही, लेकाचे.’’

आता मुद्द्यावर येतो.

पहिल्या वर्षी डॉक्टरांनी लांडग्यांना माझ्या खोलीत फारसे ठेवलेच नाही. हिवाळाभर ते बाहेरच्या आवारात असत. उन्हे लांबू लागली तसे दोघांचे केस झडायला लागले. झुपके, पुंजके, वाऱ्याबरोबर अख्ख्या वाडीत कापूस. हज्जीने गोळा करून उशी भरली. उन्हाळा लागला तेव्हा दोघे बारीक, लांब पायांचे, करवतून काढल्यासारखे दिसू लागले. भर उन्हात डॉक्टर त्यांना थंड खोलीत घेत, पहाटे आणि संध्याकाळी बाहेर सोडत. उन्हाळा निभावला.

आमचा मॅनेजर मुंबईचा. अरबाबाच्या घरचा आणि कंपनीचा, दोन्हीकडचा कारभार त्याच्या हातात. त्याने झडलेले लांडगे पाहिले आणि तो भडकला. ‘‘ये क्या है? गली के कुत्ते लग रहे हैं! मेहमान आते हैं, फोटो खींचते हैं. सफेद, फुले हुए चाहिए. बारा महीने!’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘साब, ये फर कोट नहीं है जो खूँटी पे टाँग दिया.’’

मॅनेजर डॉक्टरांना सोडून माझ्याकडे आला. आणि इथे मला माझाच राग येतो, कारण मला कुणी जबरदस्ती केली नाही. मला ते कोडे आवडले. मी वाचून काढले की जनावराचे केस थंडीमुळे नव्हे, दिवसाच्या लांबीमुळे झडतात. मग सोपे होते. खोलीला खिडकी नव्हतीच. दिव्यांना टायमर लावला. बाहेर मार्च असो की मे, आत उजेड थोडा वेळ आणि अंधार फार. तापमान उतरवले. आवाराचे दार मॅनेजरने बंद करवले. रिफ्यात मी कायमचा डिसेंबर बसवला आणि मित्रांना घरी चहाला बोलावून ते सांगितले. दुसऱ्या वर्षी केस झडले नाहीत. लांडगे पांढरेशुभ्र, गुबगुबीत. पाहुण्यांनी फोटो काढले. अरबाबाने माझ्या पाठीवर थाप मारली.

डॉक्टर त्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये सरळ शिरले. तिरके नाही, थांबणे नाही.

‘‘बर्फवाले, तुमी सूर्याले फसवून राहिले.’’

‘‘डॉक्टर, त्यांना थंड ठेवलंय की. आणखी काय पाहिजे?’’

‘‘त्याच्या मुलखात उन्हाळ्यात सूर्य बुडत नाही, हिवाळ्यात निघत नाही. त्याचं अंग तेवढं एकच घड्याळ पाहते. तुमी ते घड्याळ बंद पाडलं. आता त्याच्या अंगावर रजई हाये अन् बाहेर भट्टी. मधात काय हाये? तुमचं एक मशीन.’’

‘‘एक नाही, दोन. एक चालू, एक स्पेअर. एक बंद पडलं तर दुसरं लावायचं. तुम्हाला शिकवलंय मी.’’

‘‘अन् स्पेअर नेहमी राहीन तिथं?’’

‘‘नेहमी.’’

‘‘पाहून सांगा.’’

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून सांगितले, ‘‘नेहमी राहील. शब्द.’’

ते माझ्या डब्यातली चकली उचलून निघून गेले.

ऑगस्टमध्ये अरबाबाच्या मुलीचे लग्न निघाले. वाडीच्या पलीकडे पाहुण्यांसाठी मोठा मांडव घातला होता, कापडी भिंतींचा, आणि त्याला एसी लावायचे काम माझे. सकाळी लक्षात आले की मांडव गार होत नाही. माझा हिशेब चुकला होता. मॅनेजर धावत आला. म्हणाला, ‘‘लांडगों का स्पेअर है ना, वो लगा दे. एक दिन की बात है.’’

मी म्हणालो, ‘‘डॉक्टरला विचारतो.’’

‘‘डॉक्टर को मैंने पोर्ट भेजा है, ससाणों की दवाई छुड़ाने. अरे यार, इधर शादी है. कुत्तों के लिए मेरी नाक कटवाएगा?’’

नाक माझीही कापली जाणार होती, कारण हिशेब माझा चुकला होता. माणसे लावून स्पेअर युनिट छपरावरून उतरवले आणि मांडवाला जोडले. मांडव गार झाला. मी हातपाय धुतले आणि पाहुण्यांत जाऊन सरबत प्यायलो.

दुपारी खोलीचे चालू मशीन बंद पडले. ऑगस्टमध्ये पडतातच. हवेत वाळू असते, ती मशीनच्या जाळीत बसते, मशीन तापते आणि आपोआप थांबते. जाळी धुवायची असते. लग्नाच्या गडबडीत मी ती धुतली नव्हती. डॉक्टर बंदरावरून परत आले तेव्हा खोलीच्या आतून काहीच आवाज येत नव्हता. मांडवात ढोल चालले होते, त्यामुळे हज्जीलाही काही कळले नव्हते.

मी पोचलो तेव्हा पाटील गेलेला होता. खोली इतकी तापली होती की आत डोके घालता येत नव्हते. मी इतके जाड इन्सुलेशन बसवले होते की थंडी बाहेर जाऊ नये. दोघांच्या अंगाची उष्णताही बाहेर गेली नाही. पाटलीणबाईला डॉक्टरांनी खजुरीच्या सावलीत ओढत आणले होते. हज्जी बादल्यांनी पाणी ओतत होता. पाणी तिच्या केसांवरून नुसते घरंगळत होते, कातडीपर्यंत जातच नव्हते. डॉक्टरांनी मेंढ्या कातरायची कात्री आणली आणि तिला कातरायला घेतले. मोठमोठे पांढरे ओले गोळे वाळूत पडत होते. ते कातरत होते आणि एकसारखे बोलत होते, तिच्याशी, ‘‘झालं बाई, झालं, उतरवून टाकू, नको तुले हे, कोनं घातलं तुले हे?’’

मी उभा होतो. मला त्यांनी पाहिले. म्हणाले, ‘‘स्पेअर लावा ना, बर्फवाले! काय पाहून राहिले?’’

मी छपराकडे पळालो. तिथे नुसता चौथरा होता हे मला माहीत होते, तरी पळालो.

मॅनेजर तिथेच मला गाठून म्हणाला, ‘‘सुन. अरबाब आ रहा है. स्पेअर वापस रख. अभी.’’ मांडव तापला तर तापू दे, आता त्याला पर्वा नव्हती. आम्ही मागल्या बाजूने युनिट परत आणून चौथऱ्यावर ठेवले. नुसते ठेवले. नळ्या जोडायला वेळ नव्हता. नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या तशाच राहिल्या.

अरबाब लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत आला. त्याने मेलेला लांडगा पाहिला, अर्धी कातरलेली मादी पाहिली. ती अजून धापा टाकत होती. त्याने हळू आवाजात विचारले की दुसरे मशीन होते ना, मग काय झाले? मॅनेजर म्हणाला, डॉक्टर जागेवर नव्हता, दुसरे मशीन चालू करायचे काम त्याचे. डॉक्टर उठले. हात कोपरापर्यंत ओल्या केसांनी भरलेले. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितले की मला पोर्टवर यानेच पाठवले. मॅनेजर म्हणाला, मी नाही पाठवले. डॉक्टर धावत शिडीने छपरावर गेले आणि वरून ओरडले, ‘‘हे जोडलंच नाही! नळ्या पाहा! चिंध्या हायेत नळ्यांत! वर येऊन पाहा!’’

कुणी वर गेले नाही. एक शिडी होती. ती चढायला कुणाला किती वेळ लागला असता? अरबाबाने आपल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. ‘‘मुहंदिस,’’ तो म्हणाला. म्हणजे इंजिनियर. ‘‘जोडलेले आहे का?’’

डॉक्टर छपराच्या कडेला आले. ‘‘बर्फवाले, माह्याकडे पाहून सांगा.’’

मी वर पाहिले नाही. म्हणालो, ‘‘यस, सर. कनेक्टेड.’’

हे तीन शब्द. यातला एक जरी बदलला असता, तर त्या दिवशी माझे काय झाले असते? फार तर नोकरी गेली असती. ठाण्याला परत आलो असतो. मुलगी मराठी शाळेत गेली असती. मी त्या वेळी हे सगळे मनात मांडून ठरवून बोललो असेही नाही. भीती वाटली आणि तोंड उघडले. पुढे सुचेल ते कारण देत राहिलो, की माझी मुलगी लहान होती, व्हिसा त्यांच्या हातात होता, सगळेच असे करतात. सगळेच करत नाहीत. डॉक्टरांनी केले नसते. रमीत लबाडी करणारा हा माणूस इथे लबाडी करणार नाही, हे मला त्या क्षणीही माहीत होते.

अरबाबाने मान हलवली. ‘‘खलास,’’ म्हणाला आणि पाहुण्यांकडे परत गेला.

पाटलीणबाई त्या रात्रीतून गेली. डॉक्टर तिच्याजवळ होते, असे हज्जी म्हणाला. मी घरी होतो. डॉक्टरांचा व्हिसा रद्द झाला. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात असायचा, तो थेट विमानतळावर हातात दिला. त्यांना नेले तेव्हा मी वाडीवर गेलो नाही. मागाहून गेलो, जाळी धुवायला. हज्जीने फाटक उघडले नाही. गजांमधून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘इन्ता मू धीब.’’ तू लांडगा नाहीस.

त्यानंतर ती दारूची गोष्ट निघाली. ती मॅनेजरने सोडली. डॉक्टर कधीमधी एखादी बिअर घ्यायचे, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. मराठी मंडळात, शुक्रवारच्या जेवणांत, विमानतळावर भेटणाऱ्या ओळखीच्यांत ती फिरली. मस्कतला त्यांना कुठे काम मिळत होते, तिथेही ती आधी जाऊन पोचली आणि काम गेले. हे मला माईकवाल्यानेच हसत सांगितले होते. मी तेव्हाही म्हणालो नाही की बाबा रे, हा माणूस त्या दिवशी बंदरावर औषधे सोडवत होता, शुद्धीत होता, आणि मशीन मी हलवले. माझी बढती झाली. मुलगी तिथेच बारावी झाली. पुण्यात फ्लॅट घेतला. बायको अजून कधी म्हणते, ते लोणचे घेऊन गेलेले डॉक्टर, त्यांचे काय झाले हो?

काय झाले ते मला माहीत होते. निवृत्तीनंतर मी पत्ता काढला होता. परतवाड्याला त्यांचा दवाखाना होता. बायकोला नागपूरला लग्नाला जातो म्हणून सांगितले आणि गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. ‘डॉक्टर, स्पेअर मी हलवला, आणि खोटे मी बोललो, मला क्षमा करा.’ तीन तुकडे. लांब नव्हते. मुलाला पाठ करून घेतात तसे घोकले.

दवाखाना म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, पुढे पत्र्याचा मांडव. उन्हाळा होता. बाकावर शेळ्या घेतलेल्या बाया, एक गडी आजारी कालवडीची दोरी धरून उभा. मी त्यांच्या ओळीत बसलो. दारातून ते दिसत होते. केस पांढरे, मान तशीच जाड. एका शेळीच्या पोटाला कान लावून ऐकत होते आणि शेळीवालीला रागावत होते, ‘‘इतके दिवस काय करून राहिली होती तू, हा? तिले बोलता येत नाही, तुले तर येते!’’

बाई म्हणाली, ‘‘चुकलं, डॉक्टरसाहेब.’’

‘‘चुकलं म्हनते,’’ ते पुटपुटले आणि शेळीला सुई टोचली. रागावलेले होते पण हात हलका होता.

माझा नंबर आला. मी आत गेलो. ते हात धूत होते, पाठमोरे.

‘‘बोला, बावा. कोनतं जनावर?’’

मग वळले. माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले, मला वाटते. त्यांनी ओळखले की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि ओळखले नाही असे सांगून स्वतःची सुटका करून घ्यायची नाही. माझी दाढी वाढली होती, चष्मा होता, वीस वर्षे गेली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी थांबले होते. ते घाई करत नव्हते. मला बोलायला पुरेसा वेळ दिला होता, याबद्दल मला शंका नाही.

‘‘जनावर नाही आणलं,’’ मी म्हणालो.

‘‘मंग?’’

बाहेर कालवड ओरडली. मला वाक्याचा पहिला शब्द आठवत होता. ‘डॉक्टर’ हा तो शब्द. तो मी उच्चारला.

‘‘डॉक्टर... पाणी मिळेल का?’’

त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून स्वतः तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. ‘‘प्या. उन्हाचे आले.’’

मी उभ्याउभ्या सगळे पाणी प्यायलो. ते बघत होते. तांब्या परत दिला. मग ते माझ्यामागे बघून म्हणाले, ‘‘या, कालवड घेऊन या आत,’’ आणि मी दारातून बाजूला झालो.

दोन वर्षांनी ते गेल्याचे कळले. माझे वाक्य अजून पाठ आहे.